आगाशे बाईंची तीन रीडिंगं

आगाशे बाई कुठल्याही खोलीत शिरल्या की आधी दिवे बंद करायच्या. आत माणसं आहेत, कुणी लिहितंय, कुणाच्या हातात ॲसिडची बाटली आहे, हा विचार नंतर. खटाखट चारही बटणं बंद, आणि मग अंधारातून आवाज, "चला, चला, चला! शुं देखाय छे?" काय दिसतंय? पहिल्या दिवशी आम्ही तीस मुलं काळोखात एकमेकांच्या पायांवर पाय देत उभे होतो. मागून कुणीतरी घाबरत म्हणालं, "मॅडम, कशुं नथी देखातुं." काहीच दिसत नाही. त्यावर बाई इतक्या खूश झाल्या की विचारू नका. "शाब्बास! मग तेच लिहा. जे देखाय ते लखो. दिसेल ते लिहा, नाही दिसलं तर नाही दिसलं असं लिहा. पुस्तकातलं मला पाठ आहे, ते मला परत नको."

सुरतेतल्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाची केमिस्ट्रीची प्रयोगशाळा त्यांच्याकडे होती. मूळच्या नाशिकच्या, बँकेतल्या आगाशे काकांशी लग्न करून इकडे आलेल्या, आणि तीस वर्षं राहूनही गुजराती बोलताना प्रत्येक वाक्यात एक तरी नाशिकचा शब्द टाकणाऱ्या. सगळे त्यांना मॅडम म्हणत. मी बाई म्हणायचो, कारण आमच्या गोडादऱ्याच्या मराठी शाळेत बाईच म्हणायची सवय होती. पहिल्यांदा तोंडातून निघालं तेव्हा वर्ग हसला. बाई म्हणाल्या, "मॅडम म्हण, बेन म्हण, बाई म्हण. नावाचं काही नाही. रीडिंग खोटं देऊ नकोस."

बाई बसत नसत. म्हणजे अगदीच नाही. प्रयोगशाळेत त्यांच्यासाठी एक उंच स्टूल होतं, त्यावर त्यांची पर्स बसायची. हजेरी चालता चालता, चहा उभ्याने, जर्नल तपासणं खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत. सोडियमचा दिवा लावला की नीट पिवळा व्हायला पाच-सात मिनिटं घेतो. ती पाच-सात मिनिटं बाईंना सोसायची नाहीत. "अरे हो की लवकर, काय मुहूर्त बघतोयस!" असं त्या दिव्याला म्हणायच्या. बोटातली अंगठी टेबलाच्या कडेवर टकटक चालूच. ती टकटक ऐकून आम्हीही चुळबुळ करायला लागायचो. मी तर जास्तच, पण माझी चुळबुळ वेगळी होती. ती सांगतो.

मला लाल आणि हिरवं वेगळं दिसत नाही. गडद मरून आणि बाटलीचा हिरवा समोर ठेवलात तर मला दोन काळपट तुकडे दिसतात. निळं छान दिसतं, पिवळं दिसतं, बाकीचा सगळा अंदाजपंचे कारभार. दुसरीत असताना मी झाडाला तपकिरी पानं रंगवली. गुरुजींनी ते चित्र वर्गाला दाखवलं, वर्ग पोट धरधरून हसला. तेव्हापासून मी खडूवरचं नाव वाचूनच खडू उचलायला लागलो. दुकानात "तुला कुठला आवडला?" असं समोरच्यालाच आधी विचारायचं, कुणी रंग विचारला तर काहीतरी विनोद करून विषय बदलायचा, अशा सगळ्या युक्त्या मला येत होत्या. घरात कुणालाही पत्ता नव्हता.

आणि घर कुठलं? रंगाचंच! आप्पा, म्हणजे माझे वडील, पारोळ्याकडून सुरतेला आले ते बमरोलीच्या एका प्रोसेस हाऊसमध्ये लागले. कापड रंगवणारी गिरणी. मशीन धुण्यापासून सुरुवात केली आणि शेवटी त्यांना सगळे 'मास्टर' म्हणायला लागले, ते केवळ नजरेच्या जोरावर. व्यापाऱ्याने चिंधी दाखवावी आणि आप्पांनी तिच्याकडे एकदा बघून कुठला रंग किती टाकायचा ते बोलावं. त्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, चिंध्या असायच्या. शेजारीपाजारी, नातेवाईक, जो भेटेल त्याला ते अहिराणीत अभिमानाने सांगायचे, "मनी नजर पोर्‍याले उतरनी शे." माझी नजर पोराला उतरलीय. ते असं बोलले की मी आत पाणी प्यायला निघून जायचो.

त्या वर्षी शेठने आप्पांना शब्द दिला होता. दिवाळीनंतर मुलाला घेऊन ये, वीस चिंध्या देतो, दहा जोड्या बिनचूक लावल्या तर सकाळी कॉलेज आणि दुपारी आमची शेडची, म्हणजे छटा जुळवायची, लॅब. आमच्या वस्तीतल्या कुणाचाही मुलगा तोवर गिरणीत मशीनच्या वाफेत न जाता थेट लॅबमध्ये बसला नव्हता. आप्पांनी माझ्यासाठी दोन पांढरे शर्ट शिवायला टाकले. मी दिवस मोजत होतो. जेवताना माझा पाय हलायचा, माय म्हणायची, "काय व्हयनं रे, पोटमा दुखस का?" मी हो म्हणायचो. खरं सांगायचं तर दुखायचंही.

त्याच सुमाराला बाईंचा डब्यांचा प्रयोग आला.

बाईंनी शेंगतेलाचे पाच मोठे रिकामे डबे जमवले होते. प्रत्येकाला एक बारीक उभी फट पाडलेली, वर पांढऱ्या रंगात नंबर. आत एकेक दिवा, सोडियमचा, निऑनचा, हेलियमचा, हायड्रोजनचा, मर्क्युरीचा. कुठल्या डब्यात कुठला, ते सांगायचं नाही. आपण फटीसमोर स्पेक्ट्रोस्कोपची, म्हणजे उजेडातले रंग सुटे करून दाखवणारी, नळी धरायची आणि नळीतून बघायचं. आत काळोखावर उभ्या रंगीत रेषा दिसतात, खाली मोजपट्टी असते. कुठली रेषा कुठल्या आकड्यावर आणि कुठल्या रंगाची, ते लिहायचं, आणि त्यावरून दिवा ओळखायचा. प्रत्येक रेषेची तीन रीडिंगं. "एक रीडिंग म्हणजे अफवा," बाई म्हणायच्या. "दोन म्हणजे भांडण. तीन घ्या, मग बोलू."

आता मुलं काय इतकी साधी असतात? सोमवारच्या बॅचने मंगळवारच्या बॅचला यादी दिली. डबा एक सोडियम, डबा तीन हेलियम, सगळं तयार. आमच्याकडे ही पद्धतच होती, उत्तर आधी लिहायचं आणि मग पुस्तक बघून उत्तराला शोभतील अशी रीडिंगं रचायची. माझा जोडीदार भाविन त्यात पटाईत. नळीला डोळाही न लावता तो लिहून मोकळा झाला आणि मला हळूच सांगायला लागला, "लख, लख. त्रण नंबर, हेलियम. निळी, हिरवी, पिवळी, लाल."

मी मात्र नळीतून बघत होतो. खरं सांगू? मला ते फार आवडलं होतं. रंग ओळखा असं कुणी म्हटलं की मी विनोद शोधायला लागायचो, पण इथे रेषेच्या खाली आकडा होता! आकड्याला लाल नाही, हिरवा नाही. चारशे पाच, चारशे छत्तीस, पाचशे शेहेचाळीस, पाचशे अठ्ठ्याहत्तर. मी प्रत्येकाची तीन रीडिंगं घेतली, बाईंनी सांगितल्यासारखी. रंगाचा रकाना तेवढा रिकामा राहिला. तिथे मी भाविनने सांगितले ते चार रंग वरून खाली ओळीने लिहून टाकले. आकडे हेलियमशी जुळेनात, म्हणून दिव्याचं नाव तेवढं लिहिलं नाही.

दोन दिवसांनी बाई जर्नलांचा गठ्ठा घेऊन फेऱ्या मारत आल्या. "एकोणतीस जणांना तीन नंबरच्या डब्यात हेलियम दिसला," त्या म्हणाल्या. "कमाल आहे! सोमवारी संध्याकाळी मी तीन नंबरमध्ये मर्क्युरीचा दिवा ठेवला. एकोणतीस जणांनी मिळून त्याचा हेलियम केला. नोबेल द्यायला हवं." वर्ग खाली मान घालून बसला. सगळ्यांना प्रयोग परत करायला लावला. मग टकटक थांबली. "सोनवणे, तू थांब."

सगळे गेले. बाईंनी माझं जर्नल उघडून टेबलावर ठेवलं.

"पाचशे शेहेचाळीस. बरोबर. पाचशे अठ्ठ्याहत्तर. बरोबर. तीनतीन वेळा घेतलंयस, खाडाखोड आहे, म्हणजे खरंच बघितलंयस. मग याच्यासमोर लाल काय लिहिलंयस? त्या दिव्यात डोळ्याला दिसेल अशी लाल रेषाच नाही."

माझा पाय हलायला लागला होता.

"लोक रंग बघतात आणि आकडे चोरतात. तुझे आकडे स्वतःचे आहेत आणि रंग चोरीचे. असा चोर मी तीस वर्षांत पाहिला नाही." मग त्यांनी दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. "ही चारशे छत्तीसची. ही तुला कशी दिसली?"

"निळी."

"मग हिरवी का लिहिलीस?"

"भाविन बोलला."

"भाविनने नळीतून बघितलं होतं?"

"नाही."

बाईंनी स्टुलावरची पर्स उचलून खाली ठेवली आणि त्या बसल्या. बाई बसल्या! मला इतकी भीती वाटली की मी दाराकडे बघितलं. त्या अगदी साध्या आवाजात, तापमान विचारावं तसं, म्हणाल्या, "लाल-हिरवं कधीपासून नाही दिसत?"

मी रडलो. कॉलेजात जाणारा घोडा, नाक पुसत रडलो. आप्पा, शेठ, वीस चिंध्या, दोन पांढरे शर्ट, सगळं सांगून टाकलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी सांगत होतो. बाईंनी मध्ये एकदाच विचारलं, "मामा आहे का? त्याला दिसतं?" आणि मला एकदम मामा आठवला. शेतात मिरच्या तोडायला गेला की लाल-हिरव्या सगळ्या एकत्र करून आणायचा, आणि घरचे त्याला वेंधळा म्हणून हसायचे. "वेंधळा नाही तो," बाई म्हणाल्या. "हे आईच्या बाजूने येतं. त्यालाही तुझ्यासारखंच असणार." मग त्यांनी परत त्या दुसऱ्या ओळीवर बोट आपटलं. "तुला लाल दिसत नाही, याचं मला काही वाटत नाही. पण निळं दिसत होतं ना तुला? स्वच्छ दिसत होतं. तेही खोडून दुसऱ्याचं लिहिलंस. ते मला लागलं." आणि उठून फेऱ्या सुरू. "वडिलांना सांग. आठ दिवस देते."

आठ दिवस म्हणाल्या आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई गोडादऱ्याला आमच्या दारात हजर. धीर म्हणून नाहीच त्या बाईला! मी अर्थातच काही सांगितलेलं नव्हतं. मायने पाट मांडला, सतरंजी घातली, बाई बसल्या नाहीत. आमची खोली ती केवढी, त्यात चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे. पण माझ्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. आप्पांनाच म्हणाल्या, "मास्टर, तुमच्या नजरेचं ऐकलंय. माझ्याकडे एक दिवा आहे. रविवारी सकाळी कॉलेजात या. तुमच्या चिंध्या घेऊन या. तुम्हाला जोड्या जमतात का ते बघायचंय मला." आप्पा हसले. वीस वर्षांत त्यांना असं कुणी आव्हान दिलं नव्हतं.

रविवारी आम्ही तिघं गेलो. आप्पा इस्त्रीचा शर्ट घालून, माय डोक्यावर पदर घेऊन. बाईंनी काळे पडदे ओढले, सवयीप्रमाणे दिवे बंद केले आणि डब्यातून बाहेर काढलेला सोडियमचा दिवा लावला. पाच-सात मिनिटं टकटक, टकटक. मग सगळी खोली पिवळी झाली. टेबल, भिंती, मायचं लुगडं, आमचे हात, सगळं एकाच पिवळ्या-करड्या रंगाचं.

"लावा जोड्या," बाई म्हणाल्या.

आप्पांनी खिशातून चिंध्या काढल्या. आधी भराभर लावायला गेले. मग थांबले. एक चिंधी डोळ्याजवळ नेली, लांब धरली, दिव्यासमोर धरली. कपाळावर घाम आला. त्यांना असं चाचपडताना मी कधी बघितलं नव्हतं, मला ते बघवेना. शेवटी कशाबशा दहा जोड्या झाल्या. बाईंनी पडदा ओढून ऊन आत घेतलं. मरून बाटलीच्या हिरव्याशेजारी बसला होता, राणी रंग मेंदीशेजारी. आप्पा खजील होऊन हसले, "बाई, ही तर लबाडी झाली. ह्या दिव्यात कुणालाच दिसणार नाही."

"बरोबर. ह्या दिव्यात एकच रंग आहे, तर तो दाखवणार तरी काय? तुमच्या नजरेचा दोष नाही." बाईंनी पडदा परत लावला. खोली पुन्हा पिवळी. "सोनवणे, आता तू बोल."

बाई मागे फेऱ्या मारत होत्या, चपलांचा आवाज येत होता, आणि त्या काही मदत करणार नाहीत हे मला कळलं होतं. मी म्हणालो, "आप्पा, मला रोज असंच दिसतं. अगदी एवढं नाही. पण लाल-हिरव्याचं असंच. लहानपणापासून."

आप्पांनी टेबलावरच्या चिंध्यांकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तुले रोज आसंच दिखास?" मी मान हलवली. मामाच्या मिरच्यांचंही सांगितलं, तशी मायने पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "म्हंजे मनाकडथून उनं का हाई?" माझ्याकडून आलं का हे? बाई चालता चालता थांबल्या. "वहिनी, हा कुणाचा गुन्हा नाही. डोळे तुमच्याकडून आलेत आणि खरं रीडिंग घ्यायची सवयही कुणाकडून तरी आलीच असेल. तीस मुलांत ह्याचे एकट्याचे आकडे खरे होते." आप्पांनी चिंध्या गोळा केल्या, खिशात टाकल्या. पुढे आठ दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि ते आठ दिवस मी आजही विसरलेलो नाही. शिवून आलेले शर्ट खुंटीवर तसेच.

दिवाळीनंतर ठरलेल्या दिवशी आप्पा सकाळी म्हणाले, "शर्ट घाल." मला वाटलं, त्यांना पटलेलंच नाही, मला तिथे उभं करून हसं करणार. गिरणीत शेठच्या टेबलावर वीस चिंध्या मांडलेल्या होत्या. लॅबच्या कोपऱ्यात एक मशीन प्लॅस्टिकच्या कव्हराखाली पडलं होतं. कापडाचा रंग मोजून आकडा सांगणारं. शेठने हौसेने आणलेलं, आणि एकाही मास्टरने हात न लावलेलं, कारण ते मशीन म्हणजे त्यांच्या नजरेचा अपमान. सगळ्यात जास्त शिव्या त्याला आप्पांनीच दिल्या होत्या. ते त्याला 'डबडं' म्हणायचे. त्या दिवशी आप्पांनी टेबलावरच्या चिंध्या हाताने बाजूला केल्या आणि म्हणाले, "शेठ, मेरे लडके को लाल-हरा नहीं दिखता. ये उसका काम नहीं. उसको वो डबडा दे दो. वो जो दिखेगा वही बोलेगा." एवढं बोलून ते आपल्या रंगाईच्या खात्यात निघून गेले. मी तिथे उभा राहून शर्टाच्या बाहीने डोळे पुसले.

मग काय, कव्हर निघालं. मी आकडे सांगायचो, आप्पा नजर सांगायचे, आणि आमची रोज भांडणं. "तुझं डबडं वेडं झालंय!" "आप्पा, उन्हात नेऊन बघा." आप्पा कापड बाहेर उन्हात न्यायचे आणि अर्ध्या वेळा तोंड पाडून परत यायचे. उरलेल्या अर्ध्या वेळा तोंड माझं पडायचं. पुढे मी डिग्री घेतली, सुरतेजवळच्या सचिन गावातल्या एका रंगांच्या कारखान्यात लॅबमध्ये लागलो. आज तिथे माझ्या हाताखाली चौघं आहेत.

आणि आता जे सांगतो ते सांगायला मला लाज वाटते. नव्या ठिकाणी मी परत लपवायला लागलो. मशीन आकडा सांगतं, कुणाला काय कळतंय? विनोद, युक्त्या, सगळं परत सुरू. बाईंना हे माहीत होतं. सकाळी सातला फोन यायचा, नमस्कार-चमत्कार काही नाही, "मशीनचं कॅलिब्रेशन केलंस का? आणि तोंडाचं?" दर वर्षी डब्यांचा प्रयोग आला की त्या मला बोलावायच्या. "ये, आणि पहिल्या वर्षाच्या पोरांना तुझी गोष्ट सांग. दर बॅचमध्ये एखादा तरी असतो रे, दुसऱ्याचा रंग लिहिणारा. मला ओळखू येतो, पण माझं सांगणं वेगळं आणि तुझं वेगळं." मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी नक्की, बाई." असं किती वर्षं म्हणालो. बाई रिटायर झाल्या तेव्हाही मी मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवून आलो.

यंदा हिवाळ्यात एका सकाळी सातला फोन आला. बाईंचाच नंबर. मी उचलून म्हणालो, "केलं बाई, कॅलिब्रेशन केलं." पलीकडे आगाशे काका होते. पहाटे बाईंना छातीत कळ आली, आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं.

अडाजणच्या त्यांच्या घरी पोचलो. बाहेरच्या खोलीत बाईंना ठेवलं होतं. शांत, हलत नाहीत. मला रडू नाही आलं, राग आला. असं पडून राहणं ह्या बाईला शोभतच नव्हतं. मी उगीचच बाल्कनीतून दारापर्यंत, दारापासून बाल्कनीपर्यंत चालत राहिलो. मुलगी पुण्याहून निघाली होती, दुपारपर्यंत येणार होती. काकांनी मला जवळ बोलावलं. "किशोर, बायका म्हणतायत, सवाष्ण गेली, हिरवी साडी नेसवायची. घरात तिची एकही हिरवी धड नाही. तू कापडातला माणूस, तूच घेऊन ये."

बाईंनी काकांनाही सांगितलं नव्हतं. पाच मिनिटं दिव्याची वाट बघता न येणाऱ्या त्या बाईने माझी गोष्ट इतकी वर्षं घरात नवऱ्यापाशीही काढली नव्हती. मी "हो काका" म्हणालो आणि जिना उतरलो.

दुकान नुकतंच उघडत होतं. "लीली साडी," मी म्हणालो. हिरवी. सेल्समनने विचारलं, "कयो लीलो, भाई? बॉटल, पेरोट, मेंदी, रामा?" आणि समोर धडाधड दहा-बारा घड्या टाकल्या. मला त्यात चार काळपट दिसल्या, बाकीच्या मातकट. माझ्या तोंडातून हिरव्याचा आकडाच निघाला, "पाचशे तीस." तो म्हणाला, "किमतीचं नंतर बघू." मला हसू आलं आणि त्याच्याबरोबर रडूही फुटलं. युक्ती करता आली असती. "तमने कयो गमे?" तुम्हाला कुठला आवडतो, असं म्हणालो असतो की काम झालं असतं, आयुष्यभर तेच केलं होतं. दुकानात पाच-सहा माणसं होती. मी मोठ्याने म्हणालो, "भाई, मने लीलो रंग नथी देखातो. लाल अने लीलो, बेउ सरखा लागे छे. तमे काढी आपो. मारां बेन गुजरी गयां छे." मला हिरवं दिसत नाही, तुम्हीच काढून द्या, माझ्या बाई गेल्यात. मग त्याने सगळ्या घड्या बाजूला सारल्या आणि एकच माझ्या हातात ठेवली. "आ. पाक्को लीलो."

एक रीडिंग म्हणजे अफवा. साडी घेऊन मी बाहेर उन्हात आलो. भाजीवाल्या मावशीला विचारलं, "मासी, आ कयो रंग?" तिने पालकाची जुडी साडीजवळ धरली आणि म्हणाली, "आ भाजी जेवो. लीलो." मग रिक्षात बसलो आणि रिक्षावाल्यालाही विचारलं. तो निघाला आमच्या खानदेशातला. "हिरवीच शे, भाऊ. काब्रं?" का विचारतोस, म्हणाला. "माले दिखत नही," मी म्हणालो. त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं आणि रिक्षा हळू चालवली.

घरी आलो तेव्हा खोलीत ट्यूबलाइट जळत होती. मी आधी ती बंद केली. "अहो, अंधार कशाला?" कुणीतरी म्हणालं. मी खिडकी पूर्ण उघडली, ऊन बाईंच्या अंगावर आलं. काकांनी साडीवरून हात फिरवला. "हिरवीच आहे ना रे? माझे डोळे भरलेत, मला काही कळत नाहीये."

"हिरवीच आहे, काका. तीन रीडिंगं घेतलीत, तिन्ही एकच आली. मला स्वतःला हिरवं दिसत नाही."

काका म्हणाले, "ही कधी बोलली नाही."

"त्या बोलणारच नव्हत्या. ते मी सांगायचं होतं."

बायकांनी साडी नेसवली. कुणी म्हणालं, रंग किती खुलून दिसतोय. मी पायाशी उभा होतो. मला बाई दिसत होत्या, अंगावरची साडी दिसत होती, साडीवरचं ऊन दिसत होतं. हिरवं दिसत नव्हतं. दिसलं तेवढं लिहिलंय, बाई.